पंपघराची चावी

१६ मार्च २०२५, रविवार
बिल्डिंगच्या सभेत माझा प्रस्ताव मंजूर. आमच्याकडे पाणी पहाटे येतं ते खालच्या टाकीत. तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्यासाठी वर्षानुवर्षं पाळी आहे. दर आठवड्याला एक खोली, आणि रविवारी लाल नाडीची पंपघराची चावी शेजारच्या दारात. लालबागमध्ये राहून दिवसभर परळच्या ऑफिसात लोकांना डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तपासून चालतं ठेवायचं तंत्र, शिकवणाऱ्या माणसाने हे किती काळ बघायचं?
सभेत समजावलं. टाक्यांत सेन्सर, पंपघरात छोटं यंत्र, यंत्र क्लाउडला जोडलेलं. प्रोग्रॅम सुधारला की त्याची तपासणी आपोआप, यंत्रापर्यंत पोचणंही आपोआप. माणूस कुठेच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कमलकाकूंनी विचारलं, "आणि बिघडलं तर, विनीत?" मी म्हणालो, आमच्या कामात नियमच आहे, ज्याने बनवलं त्यानेच चालवायचं. टाळ्या पडल्या. चावी माझ्याकडे.
समोरच्या खोलीतला हितेंद्र म्हणाला, "दादा, दोन्ही टाक्यांत पाण्यावर तरंगणारे फुगे सोडले तरी मोटर आपली आपण चालू-बंद होते. मुलुंडला माझ्या मेव्हण्याकडे आहे." फुग्याला डॅशबोर्ड नसतो, हे त्याला शांतपणे सांगितलं.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, हे मी कौतुकासाठी करतोय का? नाही.

१८ मार्च
बाबांचं कोकणातलं, मिठबावचं घर पुरं झालं. गिरणीतून निघाल्यापासून एकेक चिरा जमवत होते. अक्षय तृतीयेला घरभरणी. आई नाही, त्यामुळे पूजेला मी आणि मेघनाने बसायचं. बाबांनी तीनदा विचारलं, "तू येतलस मा?" म्हटलं, तोवर पाण्याच्या कटकटीतून कायमचा सुटलेला असेन.

२३ मार्च
न्हाणीघरातल्या निळ्या बादलीत चाचणी यशस्वी. बादली भरली की फोनवर संदेश येतो. चैत्राली म्हणाली, "बाबा, बादली भरलेली दिसते की." दहावीच्या मुलीकडून अधिक अपेक्षा होती. मेघनाने आंघोळीला बादली मागितली. चाचणीच्या वातावरणात बाहेरची ढवळाढवळ चालत नाही, असं सांगितलं. ती ऑफिसला उशिरा पोचली.

३० मार्च, पाडवा
यंत्रणा सुरू. मोटर पहाटे आपोआप चालू झाली. बंद झाली नाही. गच्चीवर कमलकाकूंच्या कुरडया वाळत होत्या.
ऑफिसातल्या नियमाप्रमाणे दुपारी घटनेचा आढावा लिहिला. आमच्या आढाव्यात कुणालाही दोष देत नाहीत. मूळ कारण: कुरडयांची जागा.

४ एप्रिल, शुक्रवार
सुधारित आवृत्ती घरून पाठवली. यंत्राने घेतली आणि त्यानंतर काहीच बोललं नाही. पंपघरात आमच्या वायफायची एकच दांडी पोचते, हे बादलीला कधी जाणवलं नव्हतं.
सकाळी आठला अख्खी बिल्डिंग कोरडी. सगळे आमच्या दारात. कमलकाकू म्हणाल्या, "ज्याने बनवलं त्यानेच ना रे?" उतरलो, हाताने बटण दाबलं.
हे तात्पुरतं.

१२ एप्रिल
तात्पुरतं चालू आहे. रोज पाचचा गजर. यंत्रणा बंद आहे असं म्हणता येणार नाही. फक्त शेवटची पायरी तूर्त हाताने होते.
काल ऑफिसात माझं भाषण होतं: जबाबदारी एकाच माणसावर पडू नये, पाळ्या लावाव्यात. बोलताना दोनदा जांभई आली.

१९ एप्रिल
पाळी पुन्हा सुरू करावी का, म्हणून चावी घेऊन तीन दारं फिरलो. हार म्हणून नाही, पर्यायी व्यवस्था म्हणून. पहिल्या दारात गुडघे. दुसऱ्या दारात वाढलेली साखर. कमलकाकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे बघ. आता पाणी कधी चुकत नाही." चावी घेऊन परत.
मी इतका विश्वास कमावला असेन, अशी कल्पना नव्हती.

२५ एप्रिल
हितेंद्र पुन्हा फुग्यावर आला. "अर्ध्या दिवसाचं काम आहे, दादा. मी करतो, तू गावाला जा." त्याला मी बराच वेळ समजावलं: उद्या सोसायटीला पाण्याचा आलेख हवा झाला तर? तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तुझी भाजी गार झाली असेल."
मेघना बॅग भरत होती. म्हणाली, "तुझे कपडे भरू की नको, एवढंच सांग." म्हटलं, भर. तिने वरती ठेवले, पटकन काढता येतील असे.

२६ एप्रिल, शनिवार
मेघना, चैत्राली, बाबा पुढे गेले. मी मंगळवारच्या रात्रीच्या बसने निघतो. तिकीट काढलंय. तोवर दुरुस्ती नक्की. गाडीत बसताना बाबा म्हणाले, "मोटरीक सांग, मी चार दिवस नसतलंय."

२७ एप्रिल, रविवार
हितेंद्रने पंपघर झाडायला म्हणून चावी मागितली. दिली. त्याने खूपच मन लावून झाडलं, संध्याकाळी परत केली. म्हणाला, "आता बिनधास्त जा."

२८ एप्रिल, सोमवार
पहाटे खाली उतरलो तर मोटर चालू होती. मी दाबली नव्हती. टाकी भरल्यावर स्वतः बंद झाली.
शेवटी जमलं. डॅशबोर्डवर यंत्र अजून ऑफलाइन दिसतंय, पण उलट तेच महत्त्वाचं. क्लाउडशी संबंध तुटला तरी यंत्र जागेवर स्वतः निर्णय घेतंय. परिषदांत ज्याचं नुसतं स्वप्न सांगतात, ते. यंत्राच्या डब्यावरचा हिरवा दिवा बंद होता. वीज वाचवण्याची सोय मीच लिहिली असणार.
हितेंद्रला जिन्यात गाठून अर्धा तास सांगितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण गहिवरला असावा.

२९ एप्रिल, मंगळवार
एकदा चाललं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. आणि यंत्र ऑफलाइन असल्यामुळे मिठबावहून नजर ठेवता येणार नाही. प्रत्यक्ष हजर राहून निरीक्षण करणं भाग आहे.
मेघनाला फोन केला. ती म्हणाली, "चालतंय म्हणून ये. नाहीतर चालत नाही म्हणून तरी ये." तर्काला धरून नव्हतं. मग म्हणाली, "बाबांना तू सांग." आणि फोन त्यांच्याकडे दिला. सांगितलं. बाबा म्हणाले, "बरा."
तिकीट रद्द.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
पूजेला चुलतभाऊ प्रितम आणि त्याची बायको बसली. चैत्रालीने फोटो पाठवले. प्रितम माझं सोवळं नेसलाय. त्याला आखूड होतं.
मोटर चालू झाली. बंद झाली. नोंद केली.

२ मे, शुक्रवार
ऑफिसच्या सादरीकरणासाठी यंत्राचा फोटो काढायला पंपघरात गेलो. डबा उघडला. यंत्राचा प्लग काढून, वायर नीट गुंडाळून, रबरबँड लावून ठेवला होता. त्या जागी दुसरा प्लग. वायर खालच्या टाकीत जाते, दुसरी भिंतीवरून गच्चीत. दोन्ही टाक्यांत फुगे.
हितेंद्र म्हणाला, "रविवारी बसवले. तुला पूजेला जाता यावं म्हणून, दादा. सोमवारी सांगणार होतो, पण तू इतका खूश होतास." मग म्हणाला, "मला वाटलं, निदान खुशीत तरी जाशील."
दुपारी बाबांचा फोन. आवाज मोठा, आजूबाजूला माणसं असावीत. "पाणी इला काय रे?" म्हटलं, आलं. तसे ते बाजूच्या कुणाला तरी सांगू लागले, की अठरा खोल्या ह्याच्या एकट्यावर आहेत, म्हणून नाही येऊ शकला.
मी फोन धरून राहिलो.

३ मे, शनिवार
गजर बंद केला होता. पाचला जाग आलीच. खाली मोटर सुरू झाली. पडून ऐकत राहिलो. नंतर बंद झाली.
उठून पंपघराला कुलूप नीट लागलंय का, ते बघून आलो.