पाटीवरचा ‘सी’

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि आज आपल्या मुलुंडच्या पोळी-भाजीच्या दुकानाची पाटी बदलायला माणूस आला. दादा म्हणाला, “ते ‘सुमन व्हिक्चुअल्स’ काढून टाक गं. कोणाला कळतं? ‘सुमन फूड्स’ कर ना!” मी कडाकडा भांडले. राग अजून उतरला नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

कुठून शोधलात हो हा शब्द? रद्दीतल्या इंग्रजी डिक्शनरीतून, Victuals! “खाण्यापिण्याचं सामान, शिधा. जुना शब्द आहे, वजनदार!” असं म्हणाला होतात. आई म्हणाली होती, “वजन राहू द्या, आधी कणीक मळा.”

येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही तो फोड करून ऐकवायचात, व्हिक्-चु-अल्स. मग एकदा पवईच्या कॉलेजात शिकवणारे ते सर आले. भरल्या दुकानात म्हणाले, “अहो, याचा उच्चार ‘व्हिटल्स’. सी म्हणायचा नसतो.” सगळे हसले. मीही हसले, बाबा. कॉलेजात इंग्रजी शिकत होते ना! वर म्हटलं, “माहीत नाही तर मोठ्याने कशाला बोलता?”

तुम्ही मान खाली घालून डबे भरत राहिलात. त्यानंतर तो शब्द तुमच्या तोंडून कधीच ऐकला नाही. कोणी विचारलं तर पाटीकडे बोट दाखवायचात. मला एक शब्द तरी बोलायचात! का नाही ओरडलात?

आता ऐका. मी शोधून काढलंय. त्या शब्दात आधी सी नव्हताच! लोक जसं बोलत, साधारण तसंच लिहीत. पुढे विद्वानांनी लॅटिनच्या हौसेपायी सी घुसडला, आणि म्हणे उच्चारायचा मात्र नाही! मग चुकलं कोण? तुम्ही तर समोर लिहिलं होतं ते सरळ वाचलंत. आपल्या मराठीत असंच वाचतात.

पाटीवाल्याला सांगितलं, जुनीच रंगवून दे, एकही अक्षर गाळायचं नाही. तो म्हणाला, “मॅडम, लोक हसतील.” म्हटलं, “हसू देत. हसून झालं की पोळ्या घेऊन जातील.” दादा फुगून बसलाय. बसू दे.

उद्यापासून दुकानाचा फोन मी उचलणार, आणि उचलल्या उचलल्या म्हणणार, “सुमन व्हिक्चुअल्स!” सी सकट, मोठ्याने. कोणी सुधारायला आलं तर सांगेन, तुमचा उच्चार मला माहीत आहे. हा माझ्या बाबांचा आहे.

तुमची,
त्या दिवशी हसलेली
मीनू