मोनूचं हेड आणि दुपट्ट्याखालचा सौदा

मु. करडी, बुधवार

आदरणीय राजकुमार जावईबापू यांस कवडूचा रामराम.

इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? आमची रिता तुम्हाला जिने चढायला लावत नसेल अशी आशा आहे (लहानपणी आंब्यावर मला, थोरल्या भावालाच चढवायची आणि कैऱ्या स्वतः खायची).

पत्रास कारण की, मी ते यंत्र घेतलं. आपला मोनू जायच्या आधी दोन वर्षं ज्याच्या मागे लागला होता, तेच. गिटारचा आवाज मोठा करणारं लहानसं हेड, आत जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्या. नाटकात वाजवायला गावोगाव मोटारसायकलवर नेता यावं म्हणून लहान. “बाबा, बराबर भावात भेटून राहिलं,” म्हणायचा. “कायले पायजे?” हे माझं ठरलेलं उत्तर. आता पोराला जाऊन वर्ष झालं, आणि बापाला अक्कल आली.

विकणारा भूपेंद्र, मोनूच्याच नाटकमंडळातला. साकोलीला त्याच्या घरी गेलो. मला यंत्रातलं काय कळतं? मी जन्मभर बैल घेतले. म्हणून हेडभोवती फिरून पाहिलं, पाठीवर थाप मारली, उचलून बघितलं (आकाराच्या मानाने जड निघालं, बरं वाटलं). मग बैलबाजारच्या रीतीने त्याचा हात दुपट्ट्याखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सांगितला. तीन बोटं दाबली. पोराने हात तसाच राहू दिला. चार दाबली, तर त्याने दुसराही हात आत घातला, माझा पंजा घट्ट धरला आणि रडायलाच लागला. “काकाजी, मोनूची मलेबी लय याद येते.” मी भाव करत होतो आणि तो मला धीर देत होता! भाव विसरून मीही त्याचे हात धरून बसलो. त्याची आई चहा घेऊन आली, आमचे हात दुपट्ट्याखाली आणि दोघांचे डोळे ओले पाहून चहा तसाच परत घेऊन गेली. शेवटी त्याने स्वतःच्या खरेदीहून कमीत हेड दिलं, वर स्पीकरचा डबा तसाच दिला. भाव वाजवीच झाला म्हणायचा, पण असा सौदा माझ्याच्याने पुन्हा व्हायचा नाही.

घरी आणून बटण दाबलं, तर ढिम्म. भूपेंद्रला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नळ्या हळूहळू लाल झाल्या (तापायला वेळ लागतो, मला शहाणपण यायला लागला तसा). मोनूच्या आईने हळदकुंकू लावलं. आता रोज दिवाबत्ती झाली की ते सुरू करून समोर बसते. त्यातून नुसती बारीक घरघर येते. “चालू हाये ना, मंग राहू द्या,” म्हणते. मला ते पाहवत नाही, जावईबापू. मी उठून बांधावर जातो.

रिताला आणि तृप्तीला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
कवडू

ता. क. तेरवीच्या दिवशी “हे माझ्या डोळ्यासमोरून न्या” म्हणत मी मोनूची गिटार तुमच्या गाडीत कोंबली होती. ती परत हवी होती. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. आत्ताच रिताचा फोन आला. तुमची तृप्ती त्या गिटारीवर शिकते म्हणे. मग ती तिचीच. वरचं खोडलेलं समजा. फक्त दिवाळीत दोन दिवस पोरीला गिटारीसकट पाठवा.

आणखी एक. नीट वाजवता येत नाही म्हणून ती लाजेल. तिला सांगा, मोनूलाही आधी येत नव्हतं, आणि मी रोज ओरडायचो, आवाज कमी कर. तिला मी तसं म्हणणार नाही.