मागच्या कव्हरवरचे आबा

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी
प्रकाशकांचा फोन. माझा कथासंग्रह छपाईला चालला. मागच्या कव्हरसाठी फोटो आणि लेखक-परिचय आजच हवा.
लिहिला. मूळ गाव देवळा तालुक्यात, डिप्लोमा, सातपूरला कंपनीत परचेस विभाग, राहणार इंदिरानगर. वाचून मलाच जांभई आली.
कपाटातली पुस्तकं उलटी करून पाहिली. एक लेखक हॉटेलात कपबशा विसळायचा. एक ट्रक चालवायचा. एक बाई नर्स होती, एकजण मेंढरं राखायचा, एक तर चक्क तुरुंगात होता. नशीब लागतं! आबांनी मला काय दिलं? वेळेवर फी, वर होस्टेलवर तुपाचा डबा. साहित्यिक म्हणून माझं फार नुकसान झालं आहे.

संध्याकाळी
नवा परिचय पाठवला. 'कांद्याच्या चाळीत हमाली केली.' (एका सुट्टीत गोणीचं तोंड धरलं होतं. हमालीच ती.) 'उपाशीपोटी शिकला.' (मेसला रविवारी रात्री सुट्टी असे.) 'बालपणीच पितृछत्र हरपलं.' मी आठवीत असताना आबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मामांकडे राहिले होते. तेवढे दिवस हरपलंच होतं की. वाक्याला वजन आहे.
आबा कांद्याचे भाव सोडून काही वाचत नाहीत. धोका शून्य.

२ सप्टेंबर, मंगळवार
पुस्तकं आली. प्रकाशन १४ तारखेला. हॉल मागताक्षणी मिळाला, तोही रविवारचा. नाशिकला माझी किंमत कळू लागली आहे. मंजुषा म्हणाली, अहो, पितृपक्ष आहे, म्हणून रिकामा आहे. बायकोला साहित्यातलं काही कळत नाही.
मग तिने मागचं कव्हर वाचलं. लगेच गठ्ठा पलंगाखाली ढकलला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
आबांचा फोन. भाऊबंदांची जीप भरून येणार म्हणे. मी म्हटलं, पितृपक्षात प्रवास नको. म्हणाले, पोराच्या पुस्तकाला पितर काय आडवे येत नाय. आई गुडघ्यांमुळे येणार नाही, तेवढाच दिलासा.

११ सप्टेंबर, गुरुवार
उपाय सापडला. परिचयावर 'खास सवलत'चे स्टिकर चिकटवले. सूत्रसंचालन करणाऱ्या संजना मॅडमना फोन केला, परिचय वाचू नका, साधेपणा हवा. त्या म्हणाल्या, सर, किती हा विनय! त्यांना म्हणे वाचून रडू आलं, पाठच झालाय. पुन्हा पुन्हा बजावलं. शेवटी बरं म्हणाल्या. प्रश्न मिटला.

१४ सप्टेंबर, सकाळी
आबांना शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसवायचं. धोका वाटला तर मंजुषाने त्यांना चहाला बाहेर न्यायचं. ती म्हणाली, तुमचं तुम्ही निस्तरा. हरकत नाही, सगळं कंट्रोलमध्ये आहे. बीपीची गोळी दोनदा घेतली गेली.

संध्याकाळी
आबा पहिल्या रांगेत. नवी टोपी, इस्त्रीचं धोतर. कुणीतरी ज्येष्ठ म्हणून मानाने बसवलं होतं.
संजना मॅडम माइकवर आल्या. सर नको म्हणाले होते, पण मला राहवत नाही, असं म्हणून अख्खा परिचय. मी डोळे वटारले, खोकलो, पाण्याचा ग्लास पाडला. पितृछत्रापाशी त्यांनी रुमाल काढला. म्हणाल्या, पितृपक्ष चालू आहे, सरांच्या स्वर्गीय वडिलांसाठी आपण मिनिटभर शांत उभं राहू या.
हॉल उभा राहिला. भाऊबंद बसूनच, एकमेकांकडे बघत. चुलतभाऊ समाधान बोलायला तोंड उघडत होता. आबांनी त्याला दंडाला धरून उठवलं, मग बाकीचेही उठले. आबा टोपी काढून, मान खाली घालून उभे होते. मिनिट संपता संपेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

१५ सप्टेंबर, सोमवार
आबा रात्री आमच्याकडेच राहिले. सकाळी पोहे मागून घेतले, कांद्याच्या भावाचं बोलले. शेवटी मीच म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतो. म्हणाले, पहिली तर खपू दे.
स्टँडवर देवळ्याची गाडी लागली. आईसाठी त्यांनी एक पुस्तक मागितलं. स्टिकरचा कोपरा नखाने उचलून पाहिला आणि पुस्तक परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, मागचं कव्हर तेवढं फाडून दे. तुझ्या मायला वाचता येतं.
फाडलं. माझा फोटोही त्यावरच होता.