नळीनं गिळलेलं प्रथिन

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच मोजावा). तुमचा खोकला कमी झाला का? मामीनं दिलेलं औषध तुम्ही कुंडीत ओतता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

इकडे मी बरी आहे, पण प्रयोगशाळेत तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. माझं काम तुम्हाला माहीतच आहे: शरीरात हळूहळू विरघळणारे, रव्याहून बारीक मणी करायचे, त्यांत औषधी प्रथिन भरायचं आणि ते महिनाभर थोडं थोडं बाहेर पडतं का ते पाहायचं (म्हणजे रोग्याला रोज सुई टोचायला नको). मणी नळीतल्या पाण्यात ठेवून रोज ते पाणी तपासायचं. पहिल्या दिवशी प्रथिन आलं, पुढे नऊ दिवस जवळजवळ शून्य! मणी तर झिजताना दिसत होते. मग प्रथिन गेलं कुठे?

माझा संशय शेजारच्या टेबलावरच्या टिपण्यावर गेला (सगळं वहीत टिपतो म्हणून हे नाव). माझ्या सुट्टीत नळ्या त्याच्याच ताब्यात होत्या. सरांसकट सगळ्यांसमोर मी म्हटलं, "तूच सांडलंस आणि वर साधं पाणी भरलंस!" त्याचे कान तेवढे लाल झाले.

दोन दिवसांनी त्यानं माझ्यापुढे एक नळी ठेवली. "यात मणी नाहीत. नुसतं प्रथिन, काल मोजून घातलेलं. आता तू मोज."

मोजलं. निम्म्याहून कमी! पुन्हा मोजलं. तेवढंच.

"हेही मीच सांडलं का?"

मामा, प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून बसत होतं. मणी बिचारे इमानानं रोज सोडत होते आणि नळी गिळत होती. पाण्यात साबणासारखं द्रव्य किंचित घातलं की चिकटणं बरंच थांबतं, हे पुस्तकात आहे. त्या ओळीखाली मीच रेघ मारलेली आहे! आता सगळं पहिल्यापासून. सर एवढंच म्हणाले, "प्रयोग पुन्हा करता येईल. बोललेलं परत घेता येतं का, बघ."

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुम्ही जन्मभर कोर्टात अर्ज लिहिलेत. माफीचा एक मसुदा पाठवाल का? माफी पुरती दिसावी, पण चूक थोडी नळीचीही वाटावी.

ता. क. २. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि टिपण्यानं वाचलं. "मामांनी माफी लिहिली तर मी माफ कुणाला करायचं?" म्हणाला. तेव्हा मसुदा नको. सगळ्यांना बोलावून "चुकलं माझं" एवढंच म्हटलं. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा म्हणावं लागलं.