येन मास्तरांच्या पिपाण्या

१३ मार्च, बुधवार

मुख्याध्यापक तुंग यांनी अखेर जुन्या वाद्यांसाठी बुधवारचा शेवटचा तास दिला! बारा पोरं, तिसरी-चौथीची. आज कपाटातली दोन तारांची अर्हू काढून दाखवली. श्याओमानचा पहिलाच प्रश्न — फांग बाई, हे सापाचं कातडं खरं आहे? खरं आहे म्हटल्यावर प्रत्येकाला हात लावायचा होता. वाजवून बघायचं कोणालाच नव्हतं.

२० मार्च

आज शंग. बांबूच्या नळ्यांची जुडी. फुंकलं तरी वाजते, श्वास आत ओढला तरी वाजते. दहा मिनिटं मजा, मग जांभया. मी जन्मभर पायपेटी बडवून गाणी शिकवलेली. ही वाद्यं मला ओळखता येतात, वाजवता येत नाहीत. येणारा माणूस हवा.

२७ मार्च

आणला! बाजारामागे एकटे राहणारे येन मास्तर. सनईसारखी सुओना वाजवतात — गावातल्या निम्म्या अंत्ययात्रा त्यांच्याच, थोड्या वरातीही. साठीला टेकलेला माणूस, पण बारा पोरांसमोर बुजला. दोन शब्द बोलायला सांगितले होते, तेही विसरले. मग पितळी तोंडाची सुओना उचलली आणि वर्गात कोंबडा आरवला. मग कोंबडी. मग अंडं घातल्यानंतरची कोंबडी — ती वेगळी ओरडते, हे मला चौपन्न वर्षांत कळलं नव्हतं. पोरं बाकांवर चढली. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई रागवायला आल्या आणि दारातच उभ्या राहून ऐकत राहिल्या.

१० एप्रिल

सुओना लगेच हातात मिळत नाही. आधी नुसती तिच्या तोंडाशी बसते ती बोरूची पिपाणी, ओठांत धरून. मास्तरांनी सगळ्यांसाठी करून आणल्या. आधी चहात भिजवायच्या, कोरड्या फुंकल्या तर चिरतात. आणि मग सगळ्या एकदम! माझे कान अजून गुणगुणताहेत. मास्तर मात्र एकेकापुढे वाकून, हात कानामागे धरून, मन लावून ऐकत होते.

१७ एप्रिल

दम न तोडता फुंकायचा धडा. वाटीत पाणी, त्यात नळी, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. हवा गालात साठवायची, श्वास नाकाने घ्यायचा. मीही केलं. पाणी नाकात! मास्तर हसले — इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बरं दिसतं त्यांना हसणं.

२२ एप्रिल

मुलं घरी सोयाबीनच्या दुधात बुडबुडे काढतात. सूपमध्येसुद्धा. तीन आयांचे फोन.

२४ एप्रिल

बुडबुड्यांवर भागलं असतं तर बरं होतं. तुंग सरांनी बोलावून कागद पुढे सरकवला. पाच घरांच्या सह्या. मयताचं वाद्य शाळेत नको, लेकरांच्या तोंडी तर नकोच. सर म्हणाले, मेअखेरीस बालदिनाच्या कार्यक्रमात दुसरं काहीतरी बसवा. मी म्हटलं, तिथे पिपाण्या वाजवायच्या, असा मुलांना शब्द दिलाय. त्यांनी पालकांना राजी करायला पंधरा मेपर्यंत मुदत दिली.

मास्तरांना सांगताना माझीच मान खाली. ते म्हणाले, "बाई, भांडू नका. आम्हाला पुढच्या दाराने कोणी घेत नाही, सवय आहे."

मला नाही सवय! घरी येऊन कणीक इतकी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

८ मे

पहिली सही श्याओमानच्या आजीची होती, म्हणून तिच्याकडेच गेले. वाद घालायच्या तयारीने. आजी सारण भरून बाओझ वळत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ह्यांना नेलं तेव्हा तोच माणूस वाजवत होता. गेल्या हिवाळ्यात. आता नात खोलीत ती पिपाणी फुंकते आणि माझ्या हातातलं काम गळतं."

माझेही गेले त्याला सात वर्षं झाली. स्टूल ओढून बसले आणि तिच्याबरोबर बाओझ वळले. माझे वाकडे झाले. "बाईमाणूस आहात की कोण!" म्हणाली. निघताना एवढंच म्हटलं — एकदा वर्गात येऊन बसा.

१५ मे

आजी आली! मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून. तुंग सरही मागे उभे. मास्तरांनी तिला ओळखलं. चेहरा उतरला, पण वाजवायला लागले. ते कोंबडी झाले, मुलं पिपाण्यांवर पिल्लं. कोंबडी हाक मारते, पिल्लं ओ देतात. श्याओमानचं पिल्लू हरवलेलं — ते उशिरा, भलत्याच सुरात ओरडलं. कोंबडी रागावली. आजीने पिशवीत तोंड लपवलं. मला वाटलं, रडते. खांदे हलत होते ते हसण्याने! मग थोडी रडलीही. उठून मास्तरांसमोर गेली. "याने हसवताही येतं, हे तेव्हा का नाही सांगितलं?"

मास्तर म्हणाले, "तेव्हा कोणी विचारलं नसतं."

जाताना सरांच्या टेबलावरच्या कागदावर तिने आपली सही खोडली. सर म्हणाले, होऊ द्या पिपाण्या. सगळे फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी धीर धरला. मग रिकाम्या वर्गात एक गिरकी घेतली.

३१ मे

बालदिनाचा कार्यक्रम झाला. मैदान भरलं होतं. दोन पिपाण्या फुटल्या, एकाने चुकून गिळता गिळता वाचवली. लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. थकले. झोपते.

५ जून

तास संपल्यावर येन मास्तर मागे राहिले. सुओना पुसत होते, पुसलेलीच पुन्हा. मग म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवत चाललो. तुम्ही हो म्हणालात, तर एकदा नवरदेव होऊन वाजंत्र्यांच्या मागे चालीन."

मी हो म्हटलं.