मोकळा नव्हे, पदच्युत!

ओरुरो, कार्निव्हलच्या आधीचा सोमवार

ती. एवारिस्तोमामांना भाचा लिम्बेरचा नमस्कार. खाणीने दिलेली तुमची छातीतली खरखर कमी असावी, मामींचा गुडघा वाकत असावा आणि लामांना यंदा खरूज नसावी, अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे, फक्त जेवण जात नाही. (रागामुळे की नायरामुळे, ते विचारू नका. एउसेबियाबाईंची नायरा, तुमचीच धर्मकन्या, आता बरीच मोठी झाली आहे.)

मामा, आमच्या सैतान-नाच मंडळाने माझं म्होरकेपण काढून घेतलं! कारण काय, तर कालची तालीम. शिट्टीवाला म्होरक्या रांगेकडे तोंड करून उलटा चालतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रांगेकडे तोंड असलं की रांगेतली नायरा दिसणारच, त्यात माझा काय दोष? तिने मान झटकून वेणी मागे टाकली आणि माझ्याकडून वळायची शिट्टी वाजली. झालं! सैतानांची अख्खी रांग माझ्यामागून बटाटेबाजारात घुसली. (“मेल्यांनो, पोती तुडवू नका!” असं बाया ओरडत होत्या.) बँड मात्र नाकासमोर वाजत गेला आणि देवळाच्या पायऱ्यांवर एकटाच पोचला.

आज सकाळी एउसेबियाबाईंच्या मक्याच्या आपीच्या गाड्यावर कागद लावलेला. (अध्यक्षपद आणि कढई त्या एकाच ठिकाणाहून सांभाळतात.) ‘लिम्बेर चोके यांना जबाबदारीतून मोकळे करण्यात येत आहे.’ मोकळे! मामा, मोकळी गुरं करतात! कायद्याचं कॉलेज मी मध्येच सोडलं असेल (सोडलं, त्यांनी काढलं नाही, हा फरक आईलाही समजावा), पण शब्दांची वजनं शिकून मगच सोडलं. आपण होऊन उठला तो राजीनामा. मुदत भरली ती निवृत्ती. पण खुर्चीवर बसलेल्याला दंड धरून खाली ओढलं, तर ती पदच्युती! ती राष्ट्राध्यक्षांची होते, ऐऱ्यागैऱ्याची नाही. अपमान करायचाच तर पूर्ण वजनाचा करा, सवलतीत नको!

“हिंमत असेल तर पदच्युत लिहा,” मी गरजलो.

“पोरा, तुझ्या भल्यासाठीच मोकळं लिहिलंय,” बाई कढईतली पुरी उलटत म्हणाल्या. “गरम आपी पी आणि गार हो.”

“मला भलं नको, खरं हवं!”

आमचे चिटणीस इलारियोनकाका मुखवट्याला शिंगं शिवत बसले होते. ते म्हणाले, “बाई, एवढ्या हौसेने मागतोय तर देऊन टाका की!”

खोडलं, लिहिलं, शिक्का मारला. आपी पिणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विजयी मुद्रेने वळलो, तर समोर नायरा.

“वकीलसाहेब,” ती म्हणाली, “मोकळा केलेला मागच्या रांगेत नाचू शकतो. पदच्युताला रांगेत पाय ठेवता येत नाही. नियम वाचले होतेत ना?”

मामा, नियम कोण वाचतं? आणि खाणीच्या माईला मी तीन वर्षं नाचायचा नवस बोललोय, त्यातलं हे तिसरं वर्ष! (नवस कशासाठी, ते आईला सांगू नका. तिला वाटतं परीक्षेसाठी.) तुटलेल्या नवसाचं माई काय करते, ते तुम्हा खाणवाल्यांना मी काय सांगू? पण तत्त्व ते तत्त्व. माफी मागणार नाही. त्या मंडळाचं तोंडही पाहणार नाही.

तुमचा अन्यायग्रस्त,
लिम्बेर

ता. क. शुक्रवारच्या बसने याच. धर्मपित्याचं बाई ऐकतील. त्यांना सांगून ‘मोकळे’ परत लिहून घ्या. मी सांगितलं असं कळू देऊ नका.

ता. क. २. येताना माळ्यावरचा अस्वलाचा पोशाख आणा. नायराने नियम पुन्हा वाचले. अस्वलाला रांगच नसते, त्याने नुसतं म्होरक्याच्या आसपास हुंदडायचं. आणि शिट्टी आता तिच्याकडे आहे. गडबडीत त्या शब्दाचं राहिलं तरी चालेल.