बोडक्या ऐनाचा फोटो

आबा,

भिंतीवरचा आईचा फोटो मी नेलाय, शोधत बसू नका. स्वतःच्या जमिनीवरचं रान राखणाऱ्यांना मदत देणाऱ्या शहापूरच्या संस्थेने आपला अर्ज परत पाठवला. आपले ऐन फोटोत बोडके दिसले, म्हणून झाडं तोडली असं त्यांना वाटलं. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी, आपण नुसत्या फांद्या उतरवतो, पावसात झाड पुन्हा फुटतं, हे समोर बसून सांगते.

आईच्या फोटोत ती खाली भारे बांधतेय, तुम्ही झाडावर, आणि ऐन अस्साच बोडका. त्याच झाडाचा गेल्या श्रावणातला हिरवागार फोटो मोबाइलमध्ये आहे. दोन्ही शेजारी ठेवून दाखवीन.

लाकूडवाला आला तर चहा द्या, होकार देऊ नका. माझ्या फीसाठी झाडं विकायची नाहीत, एमएस्सी वर्षभर थांबेल.

लहानपणी मी विचारायचे, शेंडा तेवढा का सोडता? तुम्ही वरूनच ओरडायचात, "अगो, आपून परत येनार, ता झाडाला कळाया नको?" आई भारा सोडून हसत बसायची.

भाकऱ्या टोपलीत झाकल्यात. आईला संध्याकाळी परत आणते.

भाग्यश्री